लसूण सोलता सोलता ऐकलेली कादंबरी

एर्लांगेनच्या विद्यापीठात फ्राऊ डॉक्टर झैतावीचं नाव काढलं की तिचे जुने विद्यार्थी हसतात. कोणी तिच्या हाताखाली नापास झालेलं असतं, कोणाचा प्रबंध तिनं तीनदा परत पाठवलेला असतो, पण सगळे तिच्याविषयी बोलतात ते मायेनं. अरबी भाषा आणि तौलनिक साहित्य शिकवण्यात तिची हयात गेली. पॅलेस्टाईनच्या खेड्यांमधल्या बायका हिवाळ्याच्या संध्याकाळी कशा कथा सांगत, यावर तिनं जर्मनमध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. तो उशाला घेण्याइतका जाड आहे, असं तीच म्हणते.

पण सलवा झैतावी कादंबऱ्या लिहिते, हे मात्र ह्या गावाला माहीत नव्हतं. तिशीत असताना तिची पहिली कादंबरी अम्मानला छापली गेली, थोडी वाचली गेली आणि विसरलीही गेली. मग एकामागून एक तात्पुरती कंत्राटं, नवऱ्याचं आजारपण, मग नवऱ्याशिवायचं घर. पुढली वीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या शिकवल्या. आता निवृत्ती जवळ आली होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती. ज्या गावात तिचे केस पांढरे झाले, त्या गावानं एकदा समोर बसून तिची गोष्ट ऐकावी. तीही नुसती जर्मनमध्ये नव्हे. थोडी तरी अरबीतून, जशी ती तिच्या डोक्यात येते तशी.

ही इच्छा तिनं एकाच माणसाला सांगितली होती, शेजारच्या मालिनी गद्रेंना.

मालिनी मूळच्या सांगलीच्या. नवरा दत्तात्रय इथल्या मोठ्या विजेच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आला, त्याच्यामागून त्या आल्या, आणि "दोन वर्षांनी परत जाऊ" म्हणता म्हणता मुलगी ईश्वरी इथेच शिकून फ्रँकफर्टला बँकेत लागलीसुद्धा. मालिनींचं जर्मन बाजारातलं. क्रियापद कुठे ठेवायचं याची त्यांनी कधी फिकीर केली नाही. भाजीवाल्याला कळतं, मग सरकारला का कळू नये, असा त्यांचा सवाल असे. सलवाचं जर्मन पुस्तकातल्यासारखं. दोघींच्या बाल्कन्यांमध्ये एक पत्र्याचा आडोसा होता, आणि पहिली काही वर्षं त्या आडोशापलीकडून "गुटेन मॉर्गेन" एवढंच येत-जात होतं. जर्मनीत माणसं अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायला वेळ घेतात आणि बाहेरून आलेले तर जर्मनांहून जास्त घेतात.

एका जूनमधल्या दुपारी मालिनी बाल्कनीत लसूण सोलत बसल्या होत्या. पलीकडे सलवा काहीतरी मोठ्यानं वाचत होती. अरबी. मालिनींना एक अक्षर कळत नव्हतं, पण वाचणारी एका जागी थांबली, श्वास घेतला, आणि मालिनींच्या तोंडून आपोआप निघालं, "हं."

हा दोष सांगलीचा. मालिनींचे वडील रोज जेवणं झाल्यावर मुलांना गोष्ट सांगायचे आणि त्यांचा नियम कडक होता. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. ज्याचा हुंकार थांबला तो झोपला, आणि सगळेच झोपले तर गोष्ट तिथल्या तिथे बंद. राजकन्या मग महिनाभर राक्षसाच्या गुहेत बसली तरी चालेल. त्यामुळे सांगणाऱ्याचा श्वास पडला की मालिनींचा हुंकार पडणारच, मग भाषा कोणतीही असो.

पलीकडचं वाचन थांबलं. आडोशावरून एक पांढरं डोकं वर आलं.

"तुम्हाला अरबी येतं?" सलवानं विचारलं.

"छे हो. लसूण सोलतेय."

"मग तुम्ही आत्ता 'हं' का म्हणालात?"

मालिनी ओशाळल्या. मोडक्या जर्मनमध्ये त्यांनी वडिलांचा नियम समजावून सांगितला, राक्षसासकट. सलवा ऐकत राहिली आणि मग हसायला लागली; हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मी आयुष्यभर ह्याच हुंकारावर शोधनिबंध लिहिले," ती म्हणाली. "आमच्याकडच्या बायकाही असाच द्यायच्या. ऐकणारा गप्प झाला की कथा कशी मरते, यावर माझं अख्खं प्रकरण आहे. आणि मी इथे भिंतीला वाचून दाखवतेय."

त्या दिवसापासून पद्धत ठरली. सलवा प्रकरण लिहायची आणि मालिनींच्या स्वयंपाकघरात येऊन अरबीतून वाचायची. मालिनी लसूण सोलायच्या, कोथिंबीर निवडायच्या आणि हुंकार द्यायच्या. वाचून झालं की सलवा एकच प्रश्न विचारायची, "कुठे कंटाळलीस?" आणि मालिनी बोट ठेवायच्या. "ते मधे तू भराभर वाचलंस ना, तिथे." "तो लांबलचक सूर लावलास, तिथे माझं लक्ष गॅसकडे गेलं." सलवा कागद काढायची, ती जागा शोधायची आणि कपाळाला हात लावायची. नेमकं तिथेच तिनं शब्दांचा फापटपसारा मांडलेला असायचा. भाषा कळत नसल्यामुळे मालिनींना शब्दांनी भुलवता येत नव्हतं. सांगणारीचा जीव गोष्टीत आहे की नाही, एवढंच त्यांना ऐकू यायचं. एकही प्रकरण त्यांच्या हातून खोट काढल्याशिवाय सुटलं नाही. दत्तात्रय म्हणायचे, "अगं, त्या बाईची पीएच.डी. आहे." मालिनी म्हणायच्या, "असू दे. माझी सांगली आहे."

गोष्ट काय आहे ते सलवा मागाहून जर्मनमध्ये सांगायची. ती तिच्या बापाची गोष्ट होती. नाब्लुसमध्ये तिचा बाप ऑलिव्हच्या तेलाच्या साबणाच्या कारखान्यात कामाला होता. शिजलेला साबण तिथे माडीवरच्या फरशीवर ओततात, घट्ट होऊ लागला की दोरीनं रेघा आखून कापतात, शिक्का मारतात आणि मग वड्या एकावर एक रचून माणसापेक्षा उंच पोकळ मनोरे उभारतात, वाळायला. मनोरे रचणाऱ्या कारागिरांत तिच्या बापाचा हात धरणारा कोणी नव्हता. सलवानं मालिनींच्या ओट्यावर साखरेच्या चौकोनी खड्यांनी तसा एक रचून दाखवला होता. तो दोन दिवस तिथेच उभा होता आणि दत्तात्रय बिनसाखरेचा चहा पीत होते.

मग ते वाईट वर्ष आलं. गाझामध्ये सलवाच्या आत्याची माणसं होती. फोन लागायचा, मग लागेनासा झाला. सलवा वर्गावर जायची, शिकवायची, घरी येऊन दिवा न लावता बसायची. तिनं कादंबरी बाजूला ठेवली. "आता कोणाला सांगू आणि कशाला सांगू?" ती म्हणायची. असल्या दुःखापुढे बोलणारा बोलतो ते सगळं फोलच असतं. मालिनी लसणाची परडी घेऊन तिच्या घरी गेल्या आणि समोर बसल्या. रोज गेल्या. पहिल्या काही दिवसांत लसूण गावजेवणाला पुरेल इतका सोलून झाला. कधीतरी एका दुपारी सलवानं कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. मालिनी म्हणाल्या, "हं."

कादंबरी अशी पुरी झाली. अम्मानला अरबीतून छापली गेली आणि एका छोट्या प्रकाशकानं ती जर्मनमध्ये आणली. गावातल्या एका सांस्कृतिक संस्थेनं जानेवारीतल्या एका शनिवारी वाचन ठरवलं. पत्रकं लागली. सलवानं नवा निळा कोट घेतला. नाब्लुसहून तिच्या बहिणीनं साबणाच्या वड्यांचं खोकं पाठवलं, येणाऱ्यांना वाटायला.

आणि आठवड्यावर कार्यक्रम आला असताना संस्थेचा निरोप आला. सध्याची परिस्थिती बघता सभागृह देता येत नाही, पुढे कधीतरी योग्य वेळी बघू, आपण समजून घ्याल. सगळं अतिशय सभ्य भाषेत होतं. सलवानं तो निरोप मालिनींना वाचून दाखवला आणि सवयीनं विचारलं, "कुठे कंटाळलीस?"

"पहिल्या शब्दापासून," मालिनी म्हणाल्या. त्यांचा पारा चढला होता.

त्याच शनिवारी मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चर्चचा गेमाइंडेसाल, म्हणजे सभागृह, दुपारपासून संध्याकाळपर्यंत मंडळानं घेतला होता. मालिनी तडक मंडळाच्या बैठकीला गेल्या आणि सलवाचं वाचन तिथेच ठेवा म्हणाल्या. अध्यक्ष जयंत हा पस्तिशीतला सज्जन मुलगा. गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं काम करायचा आणि मंडळातही तेच करायचा.

"मालिनीताई, आल्झो, म्हणजे, मला वैयक्तिक काहीच प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "पण आपण इथे पाहुणे. पॉलिटिक्समध्ये कशाला पडायचं?"

"तू पाहुणा असशील. मी इथे अर्धं आयुष्य टॅक्स भरलाय," मालिनी म्हणाल्या. "आणि एक बाई तिच्या बापाची गोष्ट सांगणार, आपण ऐकणार. ह्यात पॉलिटिक्स कुठे आलं?"

"पण हळदीकुंकवात पुस्तक कसलं गं?" हा आवाज शोभनाकाकूंचा. ऐंशी उलटलेल्या, मुलाकडे राहायच्या, आणि मंडळातल्या प्रत्येक मोदकाच्या कळ्या मोजायच्या. "बायका यायच्या, वाण घ्यायचं, तिळगूळ खायचा नि जायचं. तिथे अरबी कशाला?"

मालिनींनी पिशवीतून एक साबणाची वडी काढून टेबलावर ठेवली. "ह्या वर्षीचं वाण," त्या म्हणाल्या. "नाब्लुसचा साबण, शिक्का मारलेला. प्लॅस्टिकचे डबे वाटून कंटाळा नाही आला तुम्हाला? आणि तीळ म्हणाल काकू, तर तिच्या गावात तिळाशिवाय पान हलत नाही. आपला तिळगूळ खाऊन ती म्हणाली होती, ह्यात गूळ कशाला घातला."

शोभनाकाकूंनी वडी उचलली, हुंगली, नखानं खरवडून बघितली. "फेस होतो का?" एवढंच विचारलं.

जयंत अजून पाय मागेच ओढत होता. तेव्हा कोपऱ्यात बसलेले दत्तात्रय उभे राहिले. इतक्या वर्षांत मंडळाच्या बैठकीत ते चहाला 'हो' म्हणण्यापलीकडे बोलले नव्हते. "जयंत," ते म्हणाले, "मी आलो तेव्हा ह्या गावात मला माझं नावही कोणी नीट विचारत नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते त्या बाईच्या नवऱ्यानं, याकूबनं. आपला हॉल आहे. आपण तिला बोलावू." आणि खाली बसून त्यांनी चहा मागितला. विषय मिटला. मालिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

शनिवारी गेमाइंडेसाल फुलला. एका बाजूला काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने घातलेली बाळं, दुसऱ्या बाजूला सलवाचे विद्यार्थी, विभागातली मंडळी, आणि पत्रकावर चिकटवलेला नवा पत्ता वाचून आलेली अनोळखी जर्मन माणसं, हातात कोट घेऊन अवघडून उभी. दाराशी कुंकवाचा करंडा घेऊन शोभनाकाकू. सलवा आत आली आणि मालिनी दाराकडे सरकल्या. सलवा विधवा आहे हे काकूंना माहीत होतं. काकूंनी तिच्याकडे खालून वर बघितलं आणि मराठीतच विचारलं, "लावू का?" सलवाला शब्द कळले नाहीत, पण बोट कळलं. तिनं मान वाकवली. काकूंनी कुंकू लावलं, ओंजळीत तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

मालिनींनी मराठीत गोष्टीची सुरुवात सांगितली. शहरात संचारबंदी आहे. कारखान्याच्या माडीवर साबण ओतलेला आहे आणि तो आज कापला नाही तर दगड होऊन जाईल, महिन्याची मेहनत मातीत. रस्त्यावर जाता येत नाही, म्हणून बाप घरांच्या गच्च्यांवरून जायला निघतो. घरी छोटी मुलगी कान लावून बसली आहे, कारण परतताना त्याची पावलं छपरावर वाजणार. एवढं सांगून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. सलवानं पुढचा भाग जर्मनमधून वाचला. छान वाचला, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग तिनं निळ्या पुठ्ठ्याची अरबी प्रत उघडली.

पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर ती थांबली, श्वास घेतला. पुढे गेली, पुन्हा थांबली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. जर्मन माणूस आदर दाखवतो तो असाच, श्वाससुद्धा मोजून घेतो. पण सलवाचा आवाज बारीक होत चालला होता. तिनं एक ओळ दोनदा वाचली. ज्या बाईची जीभ वर्गात कधी अडखळली नाही, तिला पुढचा शब्द सापडेना. तिनं मान वर केली आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं.

मालिनींना सगळं कळत होतं, आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका मैफिलीत व्हायोलिनवाल्यानं अशी काही जागा घेतली की त्या मोठ्यानं "वा!" म्हणून गेल्या. अख्ख्या रांगेनं वळून बघितलं होतं. ईश्वरी शेजारून जर्मनमध्ये पुटपुटली होती, "मामा, बिट्टे!" म्हणजे आई, प्लीज. पोटच्या पोरीनं दिलेली ती समज अजून अंगाला टोचत होती. ईश्वरी आज फ्रँकफर्टहून मुद्दाम आलेली, शेजारीच बसलेली.

सलवाचं बोट त्याच ओळीवर अडकलं होतं. गोष्ट मरत होती, सगळ्यांच्या आदरात गुदमरून.

"हं," मालिनी म्हणाल्या.

मोठ्यानं आलं ते. डोकी वळली. एका प्राध्यापकानं भुवया उंचावल्या. मालिनींचे कान तापले, पण त्यांनी मान खाली घातली नाही. सलवानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचा खांदा हलका खाली आला. तिनं पुढची ओळ वाचली. श्वास पडला.

"हं," मालिनी म्हणाल्या.

आणि पुढच्या श्वासाला मागच्या खुर्चीवरून, सुपारी कातरल्यासारख्या आवाजात, "हं!" शोभनाकाकू. काकू दोन्ही हात काठीवर टेकून पुढे झुकल्या होत्या. मग मंडळातली नीलिमा, मग काळ्या साड्यांची सगळी बाजू; ज्यांच्या घरी कोणीतरी कधीतरी गोष्ट सांगितली होती त्या सगळ्या. सलवाचा आवाज उघडत गेला. आता ती वाचत नव्हती, सांगत होती. पुस्तकाकडे बघतही नव्हती. गच्च्या एकामागून एक ओलांडल्या जात होत्या. विद्यार्थ्यांनी बिचकत "हम्म" केलं, मग धीटपणे केलं. भुवया उंचावलेल्या प्राध्यापकानं चष्मा काढला आणि घसा खाकरावा तसा एक हुंकार दिला, जरा उशिरा, पण दिला. आणि मालिनींच्या अगदी कानाशी, हळू, लहानपणी द्यायची तसा ईश्वरीनं दिला. मालिनींनी तिचा हात घट्ट धरला. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

बाप शेवटच्या गच्चीच्या कठड्यावर पाय ठेवतो, तिथे प्रकरण संपलं. सलवानं पुस्तक मिटलं.

मग विद्यार्थ्यांनी त्यांच्या रीतीनं खुर्च्यांवर बोटांनी टकटक सुरू केली, बायकांनी टाळ्या पिटल्या, बाळं दचकून रडायला लागली, आणि हलव्याचे दाणे जमिनीवर घरंगळले. फुलं आली. कोणी मिठी मारली. सलवा सगळ्यांतून वाट काढत मालिनींपाशी आली. तिच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

"कुठे कंटाळलीस?" तिनं विचारलं.

मालिनींनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी मागून काठी आपटली गेली.

"अगं, तिला विचार ना!" शोभनाकाकू खेकसल्या. "तो बाप घरी पोचला का?"

मालिनींनी ते जर्मनमध्ये सांगितलं. क्रियापद नेहमीप्रमाणे भलत्याच जागी पडलं, तरी सभागृहातल्या सगळ्यांना कळलं, कारण सगळ्यांना तेच विचारायचं होतं. कोट घातलेली माणसं थांबली. सभागृहाचा रखवालदार, हाउसमाइस्टर ब्रांडल, किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सलवाकडे पाहिलं, जुडगा खिशात घातला आणि सगळ्यात मागची खुर्ची ओढून बसला.

सलवा झैतावीनं निळ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. टेबलाशी परत गेली. पुस्तक तिनं उघडलंच नाही.

"ऐका," ती म्हणाली.

"हं," अख्खं सभागृह म्हणालं.